सर्जनशीलतेची पदवी आणि बेळ्ळंदूरचा तलाव



पदवीनंतर काय, हा प्रश्न तिसऱ्या वर्षापासूनच तुमच्या मागे लागतो. एम.टेक., एम.बी.ए.च्या जोडीला आता ‘सर्जनशीलता आणि बदलाचे नेतृत्व’ असाही पदव्युत्तर विषय आहे. तो शिकावा का, आणि तो शिकवताना काय सुटते, हे या टिपणात पाहू.

या विषयाचे मूळ अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांच्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ (१९५३) या पुस्तकात आहे. ऑसबर्न अमेरिकेतील जाहिरात व्यवसायातले. कल्पनाशक्ती सरावाने वाढते, असे त्यांचे म्हणणे. गटाने कल्पना काढण्याच्या पद्धतीला, म्हणजे ब्रेनस्टॉर्मिंगला, त्यांनी चार नियम घातले: टीका नंतर करा, अचाट कल्पनाही येऊ द्या, संख्या वाढवा, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. पुढे बफेलो येथे सिडनी पार्न्स आणि रूथ नोलर यांनी १९६७ पासून त्यावर अभ्यासक्रम उभारला. आज तेथील पदवीच्या नावात ‘बदलाचे नेतृत्व’ हे शब्दही आहेत.

यातला पहिला नियम मला मोलाचा वाटतो. ‘सर हसतील’ या भीतीने आपल्या वर्गात कितीतरी हात वर येतच नाहीत. पण संख्येचा दावा तपासात टिकला नाही. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी एकत्र बसलेल्या चौघांची तुलना एकेकटे बसलेल्या चौघांशी केली. एकेकट्यांच्या कल्पनांची बेरीज जास्त भरली.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. मी बेळ्ळंदूरला राहतो. इथल्या तलावात वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी आले. त्यातल्या डिटर्जंटमुळे, पाणी सांडव्यावरून पडताना घुसळून फेस होतो. तो रस्त्यावर उडालेला आम्ही पाहिला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तर तलावातून आगीचा धूर निघाला. हाच विषय मी एकदा वर्गात दिला. अर्ध्या तासात फळा भरला: पाण्यात हवा सोडा, तरंगत्या वनस्पती लावा, फॉस्फेट नसलेली पावडर वापरा, प्रत्येक सोसायटीचा एसटीपी तपासा. मग मी विचारले, “यातल्या एकीचा खर्च कोण करणार, आणि ती कोणाला नको असेल?” वर्ग गप्प झाला. कल्पनांची कमतरता नव्हतीच. ऑसबर्न यांची पद्धत जिथे थांबते, तिथे आमचा प्रश्न सुरू होत होता.

आता महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातील नायगावला गेले. बांध, पाझर तलाव, उपसा सिंचन यांत नवे काही नव्हते. नवा होता पाणी पंचायतीचा वाटपाचा नियम. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने: माणशी अर्ध्या एकरापुरते. भूमिहीनांनाही हक्क. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी घालायचा. यात सर्जनशीलता कुठे संपते आणि नेतृत्व कुठे सुरू होते, ते वेगळे काढून दाखवा! ज्याची जमीन जास्त, त्याने कमी पाण्यावर राजी व्हावे, हीच तर मूळ कल्पना होती. आणि ती किती अवघड, हेही लक्षात ठेवा: सिंचनाचे पाणी आजही बहुतेक ठिकाणी जमीन बघूनच मिळते.

म्हणून असा अभ्यासक्रम निवडताना त्याचे माहितीपत्रक नीट वाचा. गुण कशाला आहेत? वर्गात काढलेल्या कल्पनांना, की ज्यांना त्या बदलाची झळ बसेल त्यांच्यासोबत तडीस नेलेल्या एका कामाला? दुसरे असेल तर जरूर जा. पहिलेच असेल, तर ते चार नियम वर दिलेच आहेत. त्यासाठी दोन वर्षे आणि फी घालवण्याची गरज नाही.

स्वाध्याय: तुमच्या गावातला एक बिघडलेला तलाव, नाला किंवा विहीर निवडा. उपाय एकच लिहा. त्याखाली तो कोणाला नको असेल, हे लिहा, आणि त्यांतल्या एकाला प्रत्यक्ष भेटून या.