'स्वामी'तील माधवराव : संघर्ष कोणता, त्याग कोणाचा?

रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीविषयी लिहिताना 'कर्तव्य आणि व्यक्तिगत जीवन यांतील संघर्ष' हे शब्द इतक्या सहजतेने लेखणीवर येतात की, त्यांचा अर्थ तपासण्याची गरजच वाटेनाशी होते. १९६४ साली या कादंबरीस साहित्य अकादेमीचे पारितोषिक लाभले. पुढे परीक्षोपयोगी टिपणांनी हे सूत्र पाठच करून टाकले. एका बाजूस दौलत, दुसऱ्या बाजूस रमाबाई आणि मध्ये क्षयाने झिजणारा तरुण पेशवा, असे हे चित्र आहे. ते करुण आहे यात शंका नाही. परंतु कारुण्य म्हणजे संघर्ष नव्हे. संघर्षासाठी नायकापुढे दोन वाटा खरोखर मोकळ्या असाव्या लागतात. माधवरावांपुढे अशी दुसरी वाट कधी होती काय?

पानिपतानंतर १७६१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांच्याकडे पेशवाईची वस्त्रे आली. कारभार मात्र चुलते रघुनाथराव पाहू लागले. माधवरावांना जाच होता तो या वडीलकीचा, पदाचा नव्हे. स्वतःच्या निर्णयाने वागण्याचे एकच क्षेत्र त्यांना उपलब्ध होते आणि ते म्हणजे राज्यकारभार. त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. ज्याला आपण त्यांचे कर्तव्य म्हणतो, तेच त्यांचे स्वातंत्र्य ठरते. कठोर निर्णय घेणारा हा नायक स्वतःला दडपीत नसतो, सिद्ध करीत असतो. देसायांचे माधवराव अंतःपुरापेक्षा दरबारात अधिक जिवंत वाटतात, याचे कारण येथे असावे.

रामशास्त्र्यांची आख्यायिका या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासातही ती दिली आहे. पेशवे जपात गढलेले पाहून शास्त्रीबुवा काशीस जाण्याची परवानगी मागतात, आणि ब्राह्मणाचा आचारच पाळावयाचा असेल तर गादी सोडून आपणही चलावे, असे सुनावतात. जपातला एकांत ही माधवरावांची खरोखर खाजगी अशी गोष्ट होती. द्विधा मनाचा पुरुष येथे अडखळला असता. माधवरावांना चूक तत्काळ पटते आणि ते जप सोडतात. मागे राहिलेल्या एकांताची हुरहूर या आख्यायिकेला ठाऊक नाही.

खरी घालमेल शोधावयाची तर १७६२ च्या आळेगावकडे वळावे. चुलत्याशी लढाई झाली, पराभव झाला, आणि माधवराव आपण होऊन त्यांच्या छावणीत गेले. लढत राहण्याची वाट अजून बंद झालेली नव्हती. पेशवा म्हणून न नमणे आणि घर फुटू नये म्हणून नमणे, अशी ही कोंडी आहे. दोन्ही बाजूंस कर्तव्यच उभे आहे. पुढच्याच वर्षी गोदाकाठी राक्षसभुवन येथे निजामाचा पराभव झाला आणि कारभाराची सूत्रे माधवरावांच्या हाती येऊ लागली. (१९४८ पर्यंत निजामी अंमल अनुभवलेल्या मराठवाड्याच्या कानांना या विजयाचे नाव निराळे ऐकू येते, हे जाता जाता नोंदवावे.)

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी देसायांच्याच 'श्रीमान योगी' (१९६८) या कादंबरीस पत्ररूप दीर्घ प्रस्तावना लिहिली. थोर पुरुषाला अवतार न मानता त्याच्या काळाच्या चौकटीत, त्याच्या निर्णयांतून समजून घ्यावे, असा त्या लेखनाचा रोख आहे. ही कसोटी 'स्वामी'ला लावली की एक उणीव जाणवते. निर्णयानंतरचे दुःख देसाई मनःपूर्वक रंगवितात; निर्णयापूर्वीच्या अनिश्चिततेपाशी मात्र ते फारसे थांबत नाहीत.

मग या कादंबरीत त्याग कोणी केला? दौलतीच्या निर्णयांत रमाबाईंना वाटा नाही. त्यांचे मोल मात्र त्यांना द्यावे लागते. कादंबरीकार त्यांना जिव्हाळ्याने रेखाटतो, तरी त्यांची प्रतीक्षा बहुधा नायकाच्या थोरवीची साक्ष म्हणूनच उभी राहते.

येथे लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) आठवते. तिच्यात गंगाराम शिंप्याची कथा त्याची बायको पारबती आपल्या बोलीत सांगते. पेशव्यांचा वाडा आणि खेड्यातील शिंप्याचे दुकान ही तुलना कोणास विषम वाटेल. परंतु आपल्या स्वाभिमानालाच आपले कर्तव्य मानणारा पुरुष आणि त्याची किंमत मोजणारे घर, हे नाते दोन्हीकडे सारखे आहे. बोराड्यांनी निवेदन पारबतीकडे सोपविल्यामुळे गंगारामाचा ताठा आपल्याला त्याच्या डोळ्यांनी दिसत नाही. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या डोळ्यांनी दिसतो, आणि म्हणून तो मोठाही वाटतो व निर्दयही.

१७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे माधवराव वारले आणि रमाबाई सती गेल्या. हा शेवट आजवर आपण नायकाच्या शोकांतिकेचा कळस म्हणून वाचीत आलो. पारबतीच्या जागी बसून तो वाचला तर 'स्वामी' हे नाव कोणत्या अर्थाने उच्चारले जाईल, याचा शोध कोणी तरी घ्यावयास हवा.