दप्तर कोणाचे, आवाज कोणाचा?

साहित्याची चर्चा आपण नेहमी छापलेल्या पुस्तकापासून सुरू करतो. पुस्तक होण्यापूर्वी तो मजकूर कोणाच्या पेटीत होता, कोणी तो राखला आणि कोणाच्या नावावर त्याची नोंद झाली, हे प्रश्न ग्रंथपालाचे आहेत, समीक्षकाचे नव्हेत, असा समज रूढ आहे. मला तो मान्य नाही. शोषितांच्या वाङ्मयापुरते तरी हे समीक्षेचे पहिले प्रश्न आहेत. क्यूबातून परागंदा झालेल्यांचा आणि एकूण कॅरिबियन बेटांचा वारसा जपणाऱ्या संग्रहांकडे मी याच दृष्टीने पाहतो.

दलित साहित्याची तुलना आपल्याकडे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी होत आली. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याचा परिचय मराठीला करून दिला. १९७२ साली दलित पँथरने आपले नावही तिकडूनच घेतले. पण अमेरिकेच्या दक्षिणेस समुद्रात पसरलेल्या बेटांकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना ती अर्पण केली. तेव्हा क्यूबाच्या उसाच्या मळ्यांत माणसे अजून गुलामच होती. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ साली.

त्याच क्यूबात १७९७ साली हुआन फ्रान्सिस्को मान्सानो हा गुलाम म्हणून जन्मला. धन्याने लिहून फेकून दिलेले कागद तो गोळा करी आणि त्यावरची अक्षरे गिरवी. असल्या उद्योगाऐवजी कपडे शिवत बस, असे त्याला बजावण्यात आले. तरी तो गिरवीत राहिला. हवाना शहरातील एक धनिक साहित्यप्रेमी डोमिंगो देल मोंते याच्या सांगण्यावरून त्याने १८३५ साली आपली जीवनकथा लिहिली. पुढच्या वर्षी त्या मंडळींनी वर्गणी काढून त्याचे स्वातंत्र्य विकत घेतले. स्पॅनिश अमेरिकेत गुलामाने स्वतःच्या हाताने लिहिलेले हे एकमेव ज्ञात आत्मकथन मानले जाते.

आता या आत्मकथनाचे पुढे काय झाले ते पाहा. आधी अन्सेल्मो सुआरेझ इ रोमेरो या लेखकाने त्याची भाषा 'शुद्ध' केली. १८४० साली रिचर्ड मॅडन या आयरिश गृहस्थाने त्याचे भाषांतर लंडनमध्ये छापले, पण त्यावर मान्सानोचे नाव नव्हते. मूळ स्पॅनिश मजकूर छापून येण्यास १९३७ साल उजाडले, म्हणजे लिहिल्यानंतर १०२ वर्षे गेली. दुसरा भागही त्याने लिहिला होता. तो एका मित्राच्या हाती गेला आणि हरवला. पहिल्या भागाचे हस्तलिखित हवानाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

या हस्तलिखितातील चुकांना मी चुका म्हणणार नाही. वाक्य कोठे तोडायचे हे ज्याला कोणी शिकविले नाही, ज्याने टाकलेल्या कागदावरून अक्षर उचलले, त्याच्या शिक्षणाचा इतिहास त्या लेखनात उमटलेला आहे. ते सुधारणे म्हणजे तो इतिहासच पुसणे होय. सुधारणारा मनुष्य गुलामगिरीचा विरोधक होता, त्याचा हेतू चांगला होता, हे मान्य करूनही मी हे म्हणतो. दलित आत्मकथनांच्या भाषेवर 'अशुद्ध' असा शेरा मारणारे समीक्षक आपण पाहिले आहेत. त्यांच्याइतकेच मायेने ती भाषा सुधारून देणारे हितचिंतकही आपल्याला तपासावे लागतील.

आता मायामीकडे वळू. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातून माणसे बाहेर पडू लागली. पहिल्या लाटेत मळेवाले, वकील, डॉक्टर, व्यापारी असे प्रामुख्याने गोरे आणि सुखवस्तू लोक होते. मायामी विद्यापीठात क्यूबन वारसा संग्रह आहे. परागंदा लोकांची खासगी पत्रे, छायाचित्रे, संस्थांची कागदपत्रे आणि नियतकालिके तिथे जपली आहेत. त्यांचे दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही. देश सुटतो तेव्हा श्रीमंताचाही सुटतोच. पण जपण्यासाठी आधी काहीतरी कागदावर असावे लागते, आणि ते कागदावर कोणाचे असते, हा प्रश्न उरतोच. घरदार असलेल्या माणसाचा पत्रव्यवहार असतो. त्याच्या घरी राबणाऱ्या बाईचा नसतो.

मी माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर. आमच्या घराण्याचा मला ठाऊक असलेला सर्वांत जुना कागद म्हणजे सावकाराचा कर्जरोखा. त्यावर आजोबांचा अंगठा आहे. मजकूर सावकाराचा आणि अंगठा आमचा. जगातल्या बहुतेक दप्तरांत गरिबांची जागा एवढीच असते. मायामीच्या या संग्रहात सरकारी क्यूबन निर्वासित केंद्राचे दप्तरही आहे. असल्या दप्तरांत माणूस येतो तो कोणीतरी भरलेल्या रकान्यांतून. तो पुरावा मोलाचा आहे, पण तो त्याचा आवाज नव्हे.

या संग्रहातील सर्वांत महत्त्वाच्या कागदपत्रांत लिडिया काब्रेरा यांची कागदपत्रे येतात. हवानातील एका प्रतिष्ठित वकील-लेखकाच्या घरी १८९९ साली त्या जन्मल्या. क्यूबातील आफ्रिकी वंशाच्या लोकांचे देव, विधी, वनस्पती आणि कथा त्यांनी वर्षानुवर्षे टिपून घेतल्या, आणि १९५४ साली 'एल मोंते' हा ग्रंथ सिद्ध केला. १९६० साली देश सोडताना त्यांनी आपल्या टिपणवह्या बरोबर नेल्या. १९९१ साली त्यांचे मायामीत निधन झाले. ग्रंथाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०२३ साली निघाले.

हे काम थोर आहे. ज्या ज्ञानाला उच्चभ्रू क्यूबा अंधश्रद्धा म्हणून हिणवीत होता, त्या ज्ञानापुढे ही बाई वही घेऊन बसली. आपल्या पुस्तकाचे खरे कर्ते ते कृष्णवर्णीय सांगणारेच आहेत, असे तिने प्रस्तावनेत मोकळेपणी म्हटले. काहींची नावेही दिली. घरी शिवणकाम करणारी तेरेसा, जिला ओमी तोमी म्हणत, आणि कालिक्स्ता मोरालेस ही त्यांतली.

इथेच माझा आक्षेप सुरू होतो. खरे कर्ते ते, असे प्रस्तावना सांगते. मुखपृष्ठ मात्र तसे सांगत नाही, आणि दप्तराची नोंदही सांगत नाही. नोंद काब्रेरा यांच्या नावाने आहे. तेरेसाची नात उद्या आजीचा शब्द शोधायला गेली, तर तिला आजीच्या मालकिणीच्या नावाने अर्ज करावा लागेल. 'माहिती देणारा' आणि 'लेखक' अशी जी वाटणी विद्वत्तेने केली आहे ती श्रमाच्या जुन्या वाटणीहून वेगळी नाही. ऊस तोडणारा एक आणि साखर ज्याच्या नावाने विकली जाते तो दुसरा.

१९८० साली मारिएल बंदरातून सुमारे १,२५,००० लोक अमेरिकेत गेले. त्यांत गरीब आणि कृष्णवर्णीय यांचे प्रमाण आधीच्या लाटांपेक्षा बरेच अधिक होते. हवानाच्या सरकारने त्यांना गाळ म्हटले, आणि मायामीत आधी स्थिरावलेल्यांपैकी अनेकांनी त्यांना नाक मुरडले. क्रांतीने जात-वर्णाचा प्रश्न मिटला असे एका बाजूने सांगायचे, आणि क्रांतीपूर्वी तो नव्हताच असे दुसऱ्या बाजूने. या दोन्ही दाव्यांची परीक्षा ज्या दप्तरात होईल ते दप्तर मारिएलच्या माणसांचे असेल. म्हणून परागंदांच्या संग्रहाचे मूल्य मी खोक्यांच्या संख्येवरून करणार नाही. त्यात मारिएलच्या नावाड्याला आणि स्वयंपाकिणीला स्वतःच्या नावाने किती जागा आहे, यावरून करीन.

वेगळा मार्गही याच बेटांच्या माणसाने दाखविला आहे. आर्तुरो शॉम्बर्ग १८७४ साली पोर्तो रिकोत जन्मला. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असे शाळेत कोणी शिक्षकाने त्याला ऐकविले होते, अशी कथा सांगतात. १८९१ साली तो न्यूयॉर्कला आला आणि क्यूबा-पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या परागंदांच्या मंडळात सामील झाला. पुढे एका बँकेत टपाल विभागात नोकरी करीत त्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांची पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे जमविली. १९१२ साली क्यूबाच्या लष्कराने कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र पक्षाचे बंड चिरडले आणि हजारो माणसे मारली. पक्षाचा नेता एव्हारिस्तो एस्तेनोस मारला गेला, त्याच वर्षी ड्युबॉइस यांच्या 'क्रायसिस' मासिकात शॉम्बर्गने त्याच्यावर लेख लिहिला. १९२६ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने त्याचा संग्रह १०,००० डॉलरना घेतला. त्यात ५,००० हून अधिक पुस्तके होती. १९३२ पासून १९३८ साली मृत्यू येईपर्यंत तोच त्याचा व्यवस्थापक होता. इथे जमविणारा आणि ज्यांचे जमविले ते एकाच समाजाचे होते, म्हणून काय जपावे याचा निकाल बाहेरच्याने दिला नाही.

दुसरी वाट २००४ साली सुरू झालेल्या कॅरिबियन डिजिटल ग्रंथालयाची. हैती, जमैका आदी ठिकाणच्या संस्था आपले मूळ कागद आपल्याकडेच ठेवतात, हक्कही त्यांचेच राहतात; प्रती तेवढ्या सर्वांना खुल्या होतात. या बेटांचे कागद शतकानुशतके सेव्हिल, लंडन, पॅरिसला गेले. त्या पार्श्वभूमीवर ही मोठी गोष्ट आहे. मराठवाड्यातल्या माझ्या विद्यार्थ्यालाही हैतीचे जुने वर्तमानपत्र आज पाहता येते. मात्र यंत्रणा फ्लोरिडातील विद्यापीठांच्या हाती आहे, आणि कोणता कागद कोणत्या शब्दाखाली लावायचा ही सत्ता लहान नव्हे.

१९४६ साली बाबासाहेबांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत त्यांनी मागितली होती. ते पत्र आज आपल्याला वाचता येते, कारण ड्युबॉइस यांचे दप्तर मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठात जपले गेले. बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचा पहिला खंड महाराष्ट्र शासनाने काढला तो १९७९ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर २३ वर्षांनी.

आंबेडकरी जलशांच्या वह्या, वसतिगृहांची हस्तलिखिते, मोर्च्यांची पत्रके, बायकांच्या ओव्या अजून पत्र्याच्या पेट्यांत आहेत आणि वाळवी लागते आहे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ते काम हाती घ्यावे. मात्र वहीच्या पहिल्या पानावर गाणारणीचे नाव, तिचे गाव आणि साल लिहावे. टिपून घेणाऱ्याचे नाव त्याच्या खाली. तिने जसे म्हटले तसेच उतरवावे, सुधारू नये. आणि एक प्रत तिच्या घरी ठेवून यावे.