योग्य पर्याय निवडा

निबंध तपासणाऱ्या मास्तरांच्या मनःस्थितीवर माझा भरवसा नाही. सकाळचा चहा गार मिळाला की ‘माझा आवडता ऋतू’ साडेचार गुणांवर येतो. आले घातलेला मिळाला तर तोच ऋतू सातावर जातो. हा माझा कुत्सितपणा नव्हे. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे धाडली. कुणी तिला शंभरपैकी ६४ दिले, कुणी ९८! विद्यार्थी तोच, अक्षर तेच, चुकासुद्धा त्याच.

यावर उतारा म्हणजे वस्तुनिष्ठ प्रश्न. चार पर्याय, एक टिकली, एक गुण. तपासणारा जेवलेला असो की उपाशी, गुण बदलत नाही. डोळे मिटून टिकल्या मारल्या तरी सरासरीने शंभरातले पंचवीस पदरात पडतात, हे सोडा. न्याय चोख आहे.

आता आमच्या शेजारची चिंगी. तिसरीत आहे. जानेवारीत वर्गात चाचणी झाली. ‘सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?’ पर्याय होते पूर्व, पश्चिम, उत्तर, आग्नेय. बाईसाहेबांनी ‘आग्नेय’वर टिकली मारली. गुण शून्य.

मी विचारले, “अगं, असं का?”

“काका, गणपतीत तो समोरच्या पिंपळातून यायचा. आता पाण्याच्या टाकीमागून येतो. मी रोज बघते ना, दात घासताना!”

पोरगी खरे बोलत होती. नेमक्या पूर्वेला सूर्य वर्षातून दोनदाच उगवतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. जानेवारीत तो चांगलाच दक्षिणेकडे सरकलेला असतो. बाकीच्या मुलांनी पुस्तकात पाहिले, हिने आकाशात. गुण पुस्तकाला!

यात शिक्षिकेने पक्षपात केला असे कोण म्हणेल? तपासणी अगदी वस्तुनिष्ठ होती. प्रश्न मात्र कुणीतरी माणसानेच, बहुधा चहा पीत, काढलेला होता. त्या चार पर्यायांखाली ‘तुला असे का वाटते?’ म्हणून एक रेघ मोकळी ठेवली असती, तर चिंगी काय शिकली ते कळले असते. अर्थात ती रेघ वाचायला माणूस लागणार, म्हणजे पुन्हा ६४ आणि ९८ आलेच. पण दोन शिक्षकांनी काय पाहायचे ते आधी ठरवून घेतले, की ही तफावत बरीच आवरते. उरलेली मला चालेल.

चिंगीच्या आईने मात्र तिच्याकडून ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे वाक्य दहादा लिहून घेतले. शुद्धलेखन सुधारले म्हणतात.