‘जेव्हा मी जात चोरली होती’ : सन्मानात दडलेला पूर्वग्रह

प्रस्तावना :
बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेची चर्चा प्रामुख्याने अत्याचार आणि विद्रोह या अंगाने होते. कथेच्या शेवटी नायकाला होणारी मारहाण या चर्चेच्या केंद्रस्थानी असते. तथापि, मारहाणीपूर्वी त्याला मिळणारा सन्मान हाही तितकाच चिकित्सेचा विषय आहे.

विवेचन :
कथेतील दलित नायक सुरतजवळच्या उधना येथे रेल्वेच्या नोकरीत आहे. त्याची वाणी आणि काव्यशक्ती पाहून रामचरण तिवारी हा सहकारी भारावतो, त्याला घरी नेतो. विद्वत्ता म्हणजे उच्च जात, ही साचेबद्ध प्रतिमा तिवारीच्या मनात इतकी पक्की आहे की वेगळी शक्यता त्याला सुचतच नाही. त्याचा स्नेह खरा आहे. परंतु तो कल्पित जातीच्या आधारावर उभा आहे. जात न लपवणाऱ्या काशिनाथ सकपाळला त्याच ठिकाणी छळाला तोंड द्यावे लागते. नायकाची जात उघड होताच त्याचे गुणही निरर्थक ठरतात.

कथेतील हे निरीक्षण पुढील संशोधनाशी जुळते. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे समान पात्रतेचे, केवळ आडनावे वेगळी असलेले अर्ज पाठविले होते. दलित आडनावांच्या अर्जांना अनुकूल प्रतिसाद मिळण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावांच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश होती. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर नसताना दोन्ही गटांची कामगिरी सारखीच होती. जात पुकारल्यावर मात्र कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुले मागे पडली. वर्गात हजेरीच्या वेळी आडनाव उच्चारणाऱ्या अध्यापकाने याचा विचार करणे अगत्याचे आहे.

समारोप :
‘सुप्त पूर्वग्रह’ ही संज्ञा उपयुक्त असली, तरी ‘नकळत घडले’ अशी सबबही ती पुरवू शकते. बागुलांची कथा ही पळवाट बंद करते. नकळत केलेला सन्मान आणि जाणूनबुजून केलेली मारहाण यांचे मूळ एकच आहे, हे ती दाखवते. म्हणूनच कथेचा शेवट समजण्यासाठी आधीचा सन्मान बारकाईने वाचणे आवश्यक ठरते.