शब्दाची संगत आणि यंत्राची समज

नव्यानें घडविलेल्या शब्दाचा अर्थ संगणक आतां आपण होऊन शिकतो, अशी प्रशंसा वारंवार ऐकूं येते. ती कितपत खरी, हें तपासून पाहणें अवश्य आहे.

शब्दार्थ कळण्याचे आठ मार्ग आपल्या न्यायशास्त्रांत सांगितले आहेत: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि ओळखीच्या शब्दांचें सान्निध्य. गूगलमधील टोमास मिकोलोव्ह व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं मांडलेली 'वर्ड-टू-वेक' ही पद्धति यांपैकीं शेवटच्या एकाच मार्गानें चालते. ज्या शब्दांचे शेजारी सारखे, त्यांचे अर्थ जवळचे, एवढें सूत्र धरून ती प्रत्येक शब्दास आंकड्यांची एक रांग देते. सावरकरांचा 'महापौर' हा शब्द 'निवडणूक', 'महापालिका' यांच्या शेजारीं पुनःपुन्हां आला, कीं त्याचें स्थान तिला उमगतें. २०१६ सालची 'फास्टटेक्स्ट' ही पद्धति शब्दाचे अक्षरतुकडेही पाहते व त्यांवरून अपरिचित शब्दाचा अंदाज बांधते. संस्कृत शब्द जोडून नवे शब्द करणाऱ्या मराठीस हें सोयीचेंच आहे. परंतु 'चित्र' आणि 'पट' हे अवयव कितीही न्याहाळले, तरी पडद्यावर हलणारें बोलणारें दृश्य त्यांतून निघत नाहीं. तो अर्थ लोकांच्या वापरानें त्या शब्दास आला.

या पद्धतींची उणीव एका साध्या शब्दानें दाखवितां येते. दसऱ्यास ज्याचीं पानें सोनें म्हणून वाटतात तो वृक्ष आपटा. पनवेल-रोहा लोहमार्गावर ज्याचें स्थानक आहे तें पनवेल तालुक्यांतील गांवही आपटा. आणि धोब्यास कपडे आपटावयास सांगतांना आपण म्हणतों तेंही 'आपटा'. 'वर्ड-टू-वेक' या तिहींस मिळून एकच रांग देते. छापील मजकुरांत ज्याचा उल्लेख थोडा, तो अर्थ तींत दबून जातो. २०१८ सालच्या 'बर्ट'सारख्या पद्धति वाक्यागणिक निराळी रांग काढतात. त्यामुळें 'आम्ही आपट्यास उतरलों' यांतील आपटा हें झाड नव्हे, हें कळणें शक्य झालें. मात्र तशीं वाक्यें यंत्राच्या वाचनांत पुरेशीं आलेलीं असावीं लागतात.

मूल शब्द शिकतें तें व्यवहारांतून. 'गाय आण' म्हटल्यावर कोणी गाय घेऊन येतो, हें तें डोळ्यांनीं पाहतें. केवळ मजकूर वाचणाऱ्या यंत्रापुढें गाय नसते, तिच्या शब्दाचे शेजारी तेवढे असतात. म्हणून जें लिहिलें गेलें नाहीं तें त्याच्या लेखीं नाहींच. खेड्यांतील बोलण्यांत रोज जन्मणारे शब्द त्यामुळें बाहेर राहतात. आणि परिभाषाकोशांच्या याद्यांत एकाकी छापलेले शब्दही त्यास, आणि खरें पाहतां वाचकासही, मुकेच राहतात.

तेव्हां यंत्राची ही प्रगति मान्य करून मराठी लेखकांनीं आपलें काम ओळखावें. नवा शब्द सुचविणाऱ्यानें केवळ प्रतिशब्द देऊन थांबूं नये. तो चारचौघांच्या वाक्यांत घालून दाखवावा.