अवशेष आणि अभ्यासक्रम

ख्रिस्ती मिशनरी विद्यापरंपरेचे बौद्ध अध्ययनावरील ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाचे (प्रारंभ १८३२) संस्थापक डॉ. जॉन विल्सन यांनी गिरनारच्या अशोकलेखांची प्रत जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पाठविली, तेव्हा ते लेख वाचले गेले. तथापि त्यांची दृष्टीही तपासली पाहिजे. ब्राह्मणी धर्म हा त्यांचा जिवंत प्रतिपक्ष होता. मोरभट्ट दांडेकरांशी त्यांनी १८३०च्या सुमारास जाहीर वाद केला. बौद्धांविषयी मात्र १८५० साली त्यांनी लेण्यांवर निबंध लिहिला. वाद घालण्यास येथे बौद्ध उरलाच कोठे होता? हा दोष काळाचा.

परंतु १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरही लेणी इतिहासाकडे, पाली भाषाविभागाकडे आणि वस्तीतला बौद्ध समाजशास्त्राकडे, ही वाटणी आपल्या विद्यापीठांनी का चालवावी? औरंगाबादेत १९५० साली स्थापिलेल्या महाविद्यालयास बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले. तो राजा कठोर प्रश्न विचारतो आणि उत्तर पटले की ते मान्य करतो. विल्सनांच्या वादात ही मोकळीक नव्हती.

पितळखोऱ्याच्या स्तंभावर पैठणच्या गंधिक कुळातील मितदेवाचे दान कोरलेले आहे. त्यात प्राकृत भाषा आहे, व्यापारी घराणे आहे, संघही आहे. हा लेख नेमक्या कोणत्या विभागाने शिकवावा?