आणीबाणी कुणाची, हजेरी कुणाची?

आणीबाणीचा विषय निघाला की आपल्या पोरांचं एक ठरलेलं वाक्य असतं. 'आपल्याला काय फरक पडला? आपली आणीबाणी तर मनूपासून चालू आहे.' अभ्यासवर्गात, जयंतीच्या मांडवात, नाक्यावरच्या टपरीवर मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची घोषणा झालीय. घोषणेला टाळी पडते. पण टाळी पडली म्हणून तपासायचं नाही, असं बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेलं नाही. तेव्हा दोस्तहो, या लेखात मी आधी हे वाक्यच तपासणार आहे, आणि ते तपासायला मराठी साहित्यच घेणार आहे. कारण एखाद्या समाजाला स्वातंत्र्य म्हणजे काय वाटतं, हे त्याच्या जाहीरनाम्यापेक्षा त्याच्या पुस्तकांतून जास्त कळतं.

१

आधी प्रस्थापितांचं बघू. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली, २१ मार्च १९७७ ला उठली. मराठी साहित्यात या एकवीस महिन्यांची एक कथा तयार झालेली आहे. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावरून बाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढं त्यांना तुरुंगात जावं लागलं. ही हिंमत होती, आणि तिला हिंमत म्हणताना मी हात आखडता घेणार नाही. मंत्र्याच्या शेजारी उभं राहून मंत्र्याच्या सरकारविरुद्ध बोलायला छाती लागते. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे प्रचाराला उतरले, तेही कौतुकाचंच.

माझं भांडण या माणसांशी नाही. भांडण त्या कथेशी आहे. ती कथा म्हणते: उजेड होता, मग एकवीस महिने अंधार झाला, मग पुन्हा उजाडलं. त्या उजाडण्याला 'दुसरं स्वातंत्र्य' असं नाव पडलं. या कथेत स्वातंत्र्याचं माप एकच आहे, लेखणी. लिहिता आलं की स्वातंत्र्य, सेन्सॉर बसला की गुलामी. लेखणीचं माप खोटं नाही, पण अपुरं आहे. त्या एकवीस महिन्यांत लेखणीसोबत माणसाच्या अंगालाही हात घातला गेला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांच्या वर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. शहा आयोगासमोर त्यातल्या जबरदस्तीच्या तक्रारींचे ढीग लागले. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. तीन मुलं झाली की सक्ती. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. पुरोगामी महाराष्ट्राच्या इतिहासात हे पान कुणी मोठ्यानं वाचत नाही.

कोटा पुरा करायला कुणाला धरलं असेल? बंगलेवाल्याला? सरकारी चिठ्ठीवर ज्याचं रेशन, नोकरी, झोपडी अवलंबून, तोच सापडला. सेन्सॉरनं कापलेल्या ओळींचा हिशेब मराठी साहित्यानं ठेवला. दवाखान्याच्या रांगेत उभ्या केलेल्या माणसांचा हिशेब कोणत्या कथासंग्रहात शोधायचा?

आणि उजाडलं म्हणता, ते कुणाच्या अंगणात? २७ मे १९७७ ला बिहारात बेलछी झाली. अकरा माणसं मारून जाळली, त्यातली आठ दलित. 'दुसऱ्या स्वातंत्र्या'ला तेव्हा दोन महिने झाले होते. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. त्या वेळच्या पुलोद सरकारात जनता पक्ष भागीदार होता, म्हणजे आणीबाणीत तुरुंग भोगलेला पक्ष. ठराव केला, आणि ठरावाची किंमत मात्र गावकुसाबाहेरच्यांनी भरली. नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. १९७९ साली बंगालात मरिचझापीच्या बेटावर नामशूद्र निर्वासितांची नाकेबंदी करून त्यांना हुसकावलं, तेव्हा तिथं डाव्या आघाडीचं सरकार होतं. तुरुंगात जाऊन आलेला माणूस आपोआप दुसऱ्याचं स्वातंत्र्य ओळखतो, असं होत नाही.

म्हणून आपल्या पोरांचं ते वाक्य अर्धं खरं आहे. प्रस्थापितांच्या आणीबाणीच्या कथेत आपण नाहीच.

२

आता उरलेलं अर्धं. ते आपल्याला टोचणार आहे.

आणीबाणीत आपल्या पुष्कळ माणसांना बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. वीस कलमी कार्यक्रम आला. महाराष्ट्रात कर्जमुक्तीचा कायदा झाला. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. त्याच वर्षी १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा सुधारून कडक केला गेला, त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असं नाव मिळालं. सावकाराच्या दारातून भांडी परत आणायची सोय झाली तर बाईला दिल्लीतल्या सेन्सॉरचं दुःख का व्हावं? तिला दोष देणारा मी कोण!

पण हे कायदे आणीबाणीनं दिले का? अस्पृश्यतेचा मूळ कायदा १९५५ चा, शांत काळात संसदेनं केलेला. त्याच्या सुधारणेमागं इलयापेरुमल समितीचा १९६९ चा अहवाल होता. सुधारणेचं विधेयक १९७२ सालीच संसदेत आलं होतं. म्हणजे जे चार वर्षं लोंबकळत पडलं होतं ते बाईसाहेबांच्या पदरात घालून आपण त्याला दान म्हणालो. हक्काला दान म्हणायची ही सवय आपल्याला कुणी लावली? बलुत्यानं लावली. खळ्यावर ढीग पडला की तो आपल्या घामाचा, पण पाटील वाढणार आणि आपण जोहार घालणार.

इथं मला नामदेव ढसाळांच्या 'प्रियदर्शिनी'बद्दल बोलायचंय. १९७६ सालची, इंदिरा गांधींवरची ही दीर्घ कविता. आपल्यातले काही जण तिचं नाव काढलं की विषय बदलतात, काही जण तेवढ्या एका कवितेवरून अख्खा नामदेव निकालात काढतात. दोन्ही टाळाटाळच. अंगावर केसेस होत्या, पँथर १९७४ मध्येच फुटली होती, ही कारणं सांगितली जातात. ती चरित्राची कारणं आहेत, समीक्षेची नाहीत. मी कवितेपुरतं बोलतो.

'गोलपिठा' १९७२ चा. त्या कवितेची ताकद कशात होती? शिव्यांत नव्हती, जरी पांढरपेशा समीक्षकाला तेवढ्याच ऐकू आल्या. ती ताकद तिच्या तोंड करण्यात होती. ती कवितेचं तोंड कामाठीपुऱ्याच्या माणसांकडं करून बोलते. वर बसलेल्या कुणाचीच तिला गरज नाही. तिथं साहेब नाही, मायबाप नाही, तारणहार नाही. मराठी कवितेत हे पहिल्यांदा एवढ्या जोरात घडलं. 'प्रियदर्शिनी'त तोंड फिरलं. कविता वर बघायला लागली. एकदा कवितेनं वर बघितलं की शब्द कितीही पेटते असोत, त्यांची आरती होते. हा दोष नामदेवच्या प्रतिभेचा नाही, हा त्या जागेचा दोष आहे. राजाच्या पायरीवर उभं राहून तुकाराम होता येत नाही. तिथं भाटच होता येतं.

आणि हे आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेब जे बोलले ते आपल्या किती कवींनी पुरतं वाचलंय? मिलचा आधार घेऊन त्यांनी बजावलं होतं की माणूस कितीही मोठा असो, आपली स्वातंत्र्यं त्याच्या पायावर वाहू नका. धर्मातल्या भक्तीनं आत्म्याला मुक्ती मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. हे बोलताना त्यांच्यासमोर उंची सोफ्यावरचे लोक होते, पण इशारा आपल्याला जास्त लागू होता. ज्याच्याजवळ काही नाही, त्यालाच वरचा हात देवाचा वाटतो.

आता मूळ प्रश्न. आपल्याला फरक पडला की नाही? २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं कलम १४, २१ आणि २२ साठी कोर्टात जायचा हक्क थांबवला. चौदा म्हणजे कायद्यापुढं समानता. एकवीस म्हणजे जीव. बत्तिसाव्या कलमाला बाबासाहेब घटनेचं काळीज मानत होते, कारण हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं ते त्या कलमानं. त्या काळजावरच दगड ठेवला गेला. २८ एप्रिल १९७६ ला जबलपूर खटल्यात सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं सांगितलं की बेकायदा धरलेल्या माणसालाही सुटकेसाठी कोर्टात येता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध गेले. पुढं त्यांची ज्येष्ठता डावलली गेली.

कलम १७ कागदावर होतं तिथंच होतं. पण ज्या रात्री जीप वस्तीत येते त्या रात्री सतरावं कलम घेऊन जायचं कुठं? ज्याच्या घरात जमीन आहे, कलेक्टर कचेरीत भाचा आहे, तो कायद्याशिवायही तग धरतो. आपल्याजवळ ना जमीन, ना भाचा. आपल्याजवळ फक्त तो कागद आहे. मग कागद रद्द झाल्यावर सगळ्यात जास्त फरक कुणाला पडतो?

३

मराठीत हुकूमशाहीचं साहित्य नाही, अशी तक्रार विद्यापीठातले लोक करतात. रशियाचं आहे, चेकोस्लोव्हाकियाचं आहे, आपलं नाही. मी म्हणतो आहे. तुम्ही ते चुकीच्या फळीवर ठेवलंय.

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, म्हणजे आणीबाणी उठल्यानंतर पुढच्याच वर्षीचं. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० चं. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ चं. या पुस्तकांवर समीक्षकांनी कुठले शब्द खर्च केले? करुण, दाहक, अनुभवाचं वेगळेपण, भाषेचं रांगडेपण. जणू काही ही दुःखं आभाळातून पडली. अरे, ही राज्य कसं चालतं त्याची पुस्तकं आहेत! वतन म्हणजे काय? चोवीस तास सरकारची आणि गावाची चाकरी, नाही म्हणायची सोय नाही, पगाराचा पत्ता नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी त्याविरुद्ध मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं, आणि ते वतन जायला १९५८ चा कायदा लागला. गुन्हेगार जमाती कायदा म्हणजे काय? १८७१ सालापासून जन्मानंच आरोपी. तारेच्या कुंपणात वस्ती, वहीत नाव, हजेरी. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. वही तीच राहिली, वरचं नाव बदललं.

जुलमी राजवटीत माणूस कसा जगतो, हे 'उचल्या'इतकं मराठीत दुसरीकडं क्वचितच सापडेल. गावात चोरी झाली की पोलीस कुणाच्या दारात येणार हे पोरांना आधीच ठाऊक. मारहाण इतकी रोजची की ती घरकामासारखी दिवसात बसलेली. पुराव्याची गरज नाही, जात हाच पुरावा. तिकडच्या कादंबऱ्यांत मध्यरात्री दारावर थाप पडते तेव्हा वाचक दचकतो, कारण ते त्या घरात पहिल्यांदा घडतंय. इथं थापही पडत नाही, कारण पालाला दार नाही.

पण म्हणून 'आपली आणीबाणी कायमचीच' म्हणून मोकळं व्हायचं? तिथंच आपण फसतो. हजेरी आणि आणीबाणी एक नाहीत. हजेरी खालून दार लावते. गाव, चावडी, ठाणं. आणीबाणी वरून दार लावते. संसद, कोर्ट, छापखाना. १९५० नंतर आपल्या माणसानं जी काही वाट काढली ती खालचं दार बंद असताना वरचं उघडं होतं म्हणून. अर्ज केला, मोर्चा काढला, कोर्टात गेला, पाक्षिक काढलं. दोन्ही दारं एकदम लागली की कोंडून मरणारा पहिला माणूस आपला असतो. जो फरक पडलाच नाही असं म्हणतो, तो वरच्या दाराची राखण सोडून देतो. हुकूमशहाला यापेक्षा जास्त काय हवंय?

४

हे सगळं जुनं उगाळतोय असं वाटत असेल तर तारखा बघा. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं कलम २१ आणीबाणीतसुद्धा थांबवता येणार नाही असं केलं. आता जाहीर केल्याशिवायच काम भागतं. भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८ पासून अटका झाल्या, यूएपीए लावला. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्या दिवशी, हजर झाले. नोव्हेंबर २०२२ ला जामिनावर सुटले. मध्ये अडीच वर्षं. खटला उभा राहिला नाही. झारखंडच्या आदिवासींत काम करणारे स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला जामिनाची वाट बघत कोठडीतच वारले. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. आणि याच महाराष्ट्रात १९७५ च्या मिसाबंदींना २०१८ साली मानधन सुरू झालं, २०२० ला बंद झालं, २०२२ ला परत सुरू झालं. तुरुंग तोच, पण एका कैद्याला मानधन आणि दुसऱ्याला तारीख.

तेव्हा लिहिणाऱ्या मित्रांनो, स्वातंत्र्यावरची कविता हातात आली, मग ती सदाशिव पेठेतली असो की आपल्या गल्लीतली, तर आधी बघा तिचं तोंड कुणाकडं आहे. ती वर बघत असेल तर बाजूला ठेवा, फोटो कुणाचाही असो. हो, आपल्या माणसाचा असला तरी. आणि मग बघा की त्या कवितेतल्या स्वातंत्र्यात पालावरच्या बाईला ठाण्यात जाऊन तक्रार लिहिता येते का, आणि घेतली नाही तर कोर्टापर्यंत जाता येतं का.

मनूचं नाव घेऊन सुटका करून घेणं सोपं आहे. त्यापेक्षा आपल्या तालुक्यातली हजेरी लिहून काढा. कुणाला उचललं, कुठल्या तारखेला, कुठलं कलम लावलं, किती दिवस ठेवलं, जामीन कधी झाला. वृत्त नसलं तरी चालेल, प्रतिमा नसल्या तरी चालेल. तारीख चुकवू नका.